भट्टीच्या दारातली म्हातारी

मुलगी पाहायला येणाऱ्या माणसांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. चहा ढोसायचा, पोहे चापायचे आणि वर मुलीला चालून दाखव म्हणायचं. पण शहाण्णव साली पद्मनाभपूरहून आलेल्या दौलतरावांनी या सगळ्यांवर कडी केली.

माझी नणंद माणिक हुडको कॉलनीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लासवाल्याने भंगारात काढलेलं मशीन तिने रिसालीला आमच्या घरी आणलं आणि त्यावर स्वतःचा एक खेळ तयार केला. राक्षसाच्या राज्यातली भट्टी विझलेली असते, ती पेटवायची. तलवार नाही, मारामारी नाही. पडद्यावरच्या वस्तूंवर माउसने टिचकी मारायची, कोडी सोडवायची आणि पुढे जायचं. खाली तीन चित्रं: हात, डोळा आणि तोंड. हाताने उचला, डोळ्याने बघा, तोंडाने बोला. त्यातला बैल ओव्हरटाइम मिळाल्याशिवाय जागचा हलत नाही, आणि नाइट शिफ्ट करून वैतागलेला राक्षस कँटीनचा समोसा थंड निघाला म्हणून रडत बसतो. कुणीही कोरी फ्लॉपी घेऊन यावं, माणिक त्यात तो खेळ फुकट भरून द्यायची. मी तो वरणाला फोडणी देता देता संपवला होता, तेव्हा तो अवघड आहे असं मला कुणी सांगू नये.

मामंजी, म्हणजे माणिकचे वडील देवराव, पोलादाच्या प्लांटमध्ये टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, कारकून. मुलाकडची माणसं समोर आली की त्यांच्या पाठीचा कणाच नाहीसा व्हायचा. तरी होकार-नकार त्यांनी माणिकवर सोडला होता, आणि माणिक होकाराकडे झुकली होती. कारण मुलगा, शरच्चंद्र, प्लांटच्या कॉम्प्युटर विभागात होता.

"वहिनी, त्याले तरी समजन मी काय करून राहिली ते," ती मला म्हणाली. लग्नानंतरही खेळ बनवता यावेत, एवढंच तिचं मागणं होतं. एवढ्याशा मागण्यासाठी ती इतकी आशा लावून बसलेली पाहून मला तिची कीव आली.

मुलगी दाखवताना तिच्या हातची कलाकुसर मांडायची पद्धत आहे. ती किती खरी असते ते मला विचारा. मी विणलेल्या टेबलक्लॉथवर या घरातल्या थोरल्या नणंदेचं लग्न जमलंय. मामंजींनी यावेळीही तोच बाहेर काढला. माणिकने त्याची घडी घालून तो परत कपाटात टाकला.

"मी बनवलं ते दाखवा बाबा, नाहीतर काहीच नका दाखवू."

तिघं आले. मुलाचे वडील दौलतराव, रिटायर्ड अधिकारी. बसायच्या आधी त्यांनी आमच्या छताची ओल पाहून घेतली. मागून शरच्चंद्र, शर्टाच्या खिशात पेनांची रांग. आणि सगळ्यात शेवटी त्याची आई, प्रेमलाबाई. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि दौलतरावांनी हातातली पिशवी न बघता तिच्या मांडीवर ठेवली.

मामंजींनी खेळाबद्दल सांगितलं.

"फुकट वाटते पोरगी?" दौलतरावांनी विचारलं.

"हो जी, पण तिले शौक..."

"मंग त्याची किंमत का राह्यली? फुकटच्या मालाले कोनी विचारत नाही."

एवढं बोलून नाकाने कांदे सोलणाऱ्या या माणसाने आमच्याच पोह्यांची दुसरी बशी पुढे ओढली.

शरच्चंद्र मशीनसमोर बसला. "अरे, ये तो बच्चों का खेल है," म्हणाला. हाताच्या चित्रावर टिचकी मारली आणि सुटला. दोरी उचलली, कंदील उचलला, बैलाच्या गळ्यातली घंटा काढली, झोपलेल्या राक्षसाची चप्पलसुद्धा सोडली नाही. मग तो भट्टीच्या दाराशी आला. दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. दार उघडेना. त्याने बिजागरीत तेल ओतलं, कुदळ हाणली, चप्पल फेकली. म्हातारीलाच उचलायला गेला, तर पडद्यावर उमटलं, "मी पातेलं नाही, खाली ठेवा."

"तिले सरकव बाजूले," दौलतराव मागून हुकूम सोडत होते. "बैल आन. धडक देऊ दे."

तोंडाचं चित्र त्याच्या नाकासमोर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. राज्यातली वस्तू न् वस्तू या शहाण्याने गोळा केली, पण कुणाशी एक शब्द बोलला नाही. माणिक त्याच्या खुर्चीशेजारी उभी होती. तिच्याशीही नाही.

शेवटी त्याने माउस ढकलला आणि मामंजींकडे वळून निकाल दिला. "लॉजिक चुकलं आहे हिचं. जाऊ द्या, लग्नानंतर हे करायले टाइम कोनाले भेटते?"

"पोरगी पसंत आहे," दौलतराव म्हणाले. "मशीन मात्र इथंच राहू द्या."

मामंजींचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. माणिकचा पार उतरला. पुरुष पत्रिका पाहायला बाहेरच्या व्हरांड्यात गेले, आणि तेव्हा प्रेमलाबाईने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"मी पाहू का वो?"

माणिकने तिला खुर्ची दिली, माउस कसा धरायचा ते दाखवलं. प्रेमलाबाई तिन्ही चित्रं बघत बसली. मग तोंडावर टिचकी मारली, आणि नंतर म्हातारीवर.

पडद्यावर म्हातारीने मान वर केली. "बस बाई. सकाळपासून जो तो दार बडवतोय. मला विचारलं असतं तर मीच उघडून दिलं असतं."

दार उघडलं. प्रेमलाबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता हसू थांबलं, पाणी थांबेना.

"चाल वं," बाहेरून दौलतरावांची हाक आली.

तिने घाईने पिशवी उचलली. जाता जाता माणिकचं मनगट धरलं.

"नाही म्हन, पोरी. माहा पोरगा मारणार नाही, दारू पेत नाही. पन तू नाही म्हन. मी सांगितलं असं कोनाले सांगू नको."

माणिक तिच्या मागोमाग व्हरांड्यात गेली. मामंजी तोवर सगळ्यांचं तोंड गोड करायला साखरेचा डबा घेऊन तिथे उभे होते. तिने हात जोडून, शरच्चंद्रकडे बघून सांगितलं की हे लग्न तिला करायचं नाही. मामंजी मटकन खाली बसले. शरच्चंद्र आपल्या वडिलांकडे पाहत राहिला, उत्तर तेच देणार होते ना.

"वाचलो म्हना," दौलतराव म्हणाले आणि चपला घालून निघाले. बापलेक पुढे, आणि पिशवी घेऊन प्रेमलाबाई त्यांच्या मागे. फाटकापर्यंत त्या दोघांतल्या एकानेही मागे वळून पाहिलं नाही की ती येतेय का. ते गेल्यावर मामंजींना वाटलं पोरगी आता पस्तावली. माणिक दारात उभी राहून त्या बाईसाठी रडत होती.