हशब्या लोहाराने सांगितलेलं नाव

आमचा राजा यहोयाखीन गादीवर बसला तेव्हा अठरा वर्षांचा होता, आणि उतरला तेव्हाही अठराचाच. मधे तीन महिने गेले होते. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातला, तेव्हा शहर जळू नये म्हणून तो आईला बरोबर घेऊन आपणहून वेशीबाहेर गेला आणि शत्रूच्या स्वाधीन झाला. त्याच्यामागून आम्हा कारागिरांनाही बाबेलला हाकलत नेलं. मी सात वर्षांची होते.

माझे वडील हशब्या लोहार. वाटेत राजाचा घोटा बेडीने सोलून निघाला, तेव्हा पहारेकऱ्याच्या हातापाया पडून वडिलांनी ती बेडी घासून सैल केली. तेव्हापासून राजा त्यांना काका म्हणू लागला. बाबेलमध्ये त्याला राजवाड्याच्या आवारात ठेवलं होतं. खायला-प्यायला मिळत होतं, पुढे मुलंही झाली. वडिलांना तिथल्याच भट्टीवर काम लागलं. आम्ही बाकीचे खबार कालव्याकाठी राहायचो, आणि राजा कसा आहे हे वडील घरी आले की कळायचं.

वस्तीतल्या मोठ्या माणसांना धीर नव्हता. दोन वर्षांत परत जाऊ, असं काहीजण छातीठोकपणे सांगत होते; बघता बघता पाच झाली. मग आमच्याच घरात सात जण बसले आणि राजाला पळवून न्यायचं ठरवलं. निरोप वडिलांनीच पोचवला. राजाने साफ नकार दिला. एक शहर वाचावं म्हणून मी इथे आलो, माझ्यापायी तुमची वस्ती जाऊ देणार नाही, म्हणाला.

पण गोष्ट फुटलीच. बाबेलच्या अधिकाऱ्याने वडिलांना बोलावून विचारलं, हा बेत कुणाचा? सात नावं सांगितली असती, तर सातही जण विस्तवात गेले असते. त्यात माझा सख्खा चुलता शमाया होता. वडिलांनी एकच नाव सांगितलं. राजाचं.

त्या संध्याकाळी ते घरी आले आणि त्यांनी ते सातही जणांना सांगितलं. मी पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभी होते. मग शमायाकाका म्हणाला, "राजा आहे तो. त्याला काही मारून टाकणार नाहीत." बाकीच्यांनी माना हलवल्या. वस्तीत मात्र वाड्यातल्या कुण्या नोकराने चहाडी केली, असं पसरवलं. राजा तुरुंगात गेला आणि बत्तीस वर्षं तिथेच राहिला.

बाबेलच्या गादीवर नवा राजा आला तेव्हा त्याने यहोयाखीनला सोडलं, तुरुंगातले कपडे काढून नवे दिले आणि रोज आपल्या पंगतीला बसवलं. सगळी वस्ती त्याला भेटायला निघाली. वडील ऐंशीला आले होते. गुडघे दुखतात म्हणून ते राहिले. मी अंजिराची ढेप बांधून घेतली आणि गेले.

पंचावन्न वर्षांचा माणूस सत्तरीचा दिसत होता. मी हशब्याची मुलगी, असं सांगताच तो उठून उभा राहिला.

"तुझे वडील माझ्यापायी गेले, पोरी," तो म्हणाला. "माझ्याविरुद्ध बोलावं म्हणून त्यांची बोटं तोडली, तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. पहारेकऱ्याने सांगितलं मला."

त्या पहारेकऱ्याला दया आली होती की त्याने थट्टा केली होती, कोण जाणे. मला गप्प बसता आलं असतं.

"वडील घरी आहेत, महाराज. बोटंही शाबूत आहेत."

"मग आले का नाहीत?"

मी हळू आवाजात सगळं सांगितलं. तो रागावला नाही. ढेप त्याने बाजूला ठेवली.

"आत रोज त्यांच्याशी बोलायचो मी," तो म्हणाला. "काका, आजचा दिवस निघाला, असं. आता इतक्या वर्षांनी हे कशाला सांगितलंस?"

खरं कळलं तर त्याला बरं वाटेल, अशी माझी समजूत होती. मोकळी झाले होते ती मीच.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, काय शिक्षा दिली? काहीच नाही म्हटल्यावर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या एका माणसाच्या मनात मी चांगला होतो. तेवढंही ठेवलं नाहीस." त्यानंतर त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. त्या हिवाळ्यात ते गेले.

राजा कालव्याकाठी कधीच आला नाही. सणाला बोलावलं तरी नाही. शत्रूच्या ताटातलं गोड लागतंय त्याला, असं लोक म्हणायचे. ज्यांचे बाप त्याच्यामुळे वाचले होते, ते जास्तच म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे. तो मेला तेव्हा आमच्याकडून मोजकीच माणसं गेली.

पुढे इराणच्या राजाने बाबेल घेतलं आणि आम्हाला परत जायची मुभा मिळाली. पुढारी म्हणून निघाला तो यहोयाखीनचाच नातू. कालव्यावर गाढवं लादून झाली होती. शमायाकाकाचा मुलगा हसत म्हणाला, "आजा तीन महिन्यांत शरण गेला आणि उरलेला जन्म जेवत बसला. नातू तरी बरा निघाला."

मी उठले. सहासष्ट वर्षांची होते, पण आवाज चांगला होता. राजा कुणापायी तुरुंगात गेला ते सांगत सातही नावं घेतली, आठवं माझ्या बापाचं. सगळे ऐकत उभे राहिले. मग माझा मुलगा पलट्या आला आणि त्याने माझा दंड धरला.

"उन्हाने डोकं फिरलंय हिचं," तो लोकांना म्हणाला. लोक लगेच हलले, दोर आवळू लागले. मला सावलीत बसवताना तो वाकून कानाशी बोलला, "मला ठाऊक आहे, आई. आजोबांनीच सांगितलं होतं मरताना. पण या माणसांबरोबर मला चार महिने चालायचंय."

त्याने माझ्याजवळ पाण्याची सुरई आणि मूठभर खजूर ठेवले, आणि मला तिथेच ठेवून तो त्यांच्याबरोबर यरुशलेमच्या वाटेला लागला.