नऊ पौंड शिसं

ग्लेंडानं नवऱ्याची लोकरीची विजार मशीनमध्ये टाकायला उचलली आणि ती तिच्या हातून निसटली. तळघराच्या फरशीवर धप्पकन आवाज झाला. कपडा पडल्याचा असा आवाज होत नाही. तिनं वाकून विजार उलटी केली. आतून, दोन्ही मांड्यांच्या बाजूनं, जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाच्या बाह्या कापून लांबट पिशव्या शिवलेल्या होत्या. टाके मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीचे होते आणि शेवटची गाठ लोवेलची होती. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं ती गाठ इतक्या वेळा सोडवायचा प्रयत्न केला होता की अंधारातही ओळखली असती.

कात्रीनं दोन टाके उसवले तशी शिशाची वजनं घरंगळत बाहेर आली. गळ पाण्यात खोल बुडावा म्हणून दोरीला अडकवतात तीच, पाव पाव पौंडाची. ती एका बादलीत भरून ग्लेंडा जिना चढून स्वयंपाकघरात आली. हरणाच्या मांसाचे सॉसेज करताना ज्या काट्यावर ती मांस तोलायची, त्यावर तिनं सगळं शिसं ठेवलं. काटा नऊवर थांबला.

मग ती खुर्चीत बसली. गेल्या तीन खेपांना इस्पितळात लोवेलचं वजन एकशे त्रेचाळीस पौंड भरत होतं. "वजन टिकून आहे हं," असं नर्स रोझान दर वेळी म्हणायची, आणि पहिल्या वेळी तर ग्लेंडा गाडीत येऊन आनंदानं रडली होती. त्यातून नऊ वजा केले. एकशे चौतीस. शाळकरी पोरालाही जमेल अशी वजाबाकी तिनं दोनदा करून पाहिली.

वजन एकशे चाळीसच्या खाली गेलं तर पुढचे डोस थांबवावे लागतील, असं डॉक्टरांनी सप्टेंबरातच बजावलं होतं. आतड्याच्या कॅन्सरचे बारा डोस ठरले होते. सात झाले होते, आठवा सोमवारी होता. सगळे पुरे झाले तर हा माणूस बरा होण्याची चांगली आशा आहे, असंही ते म्हणाले होते. उगाच गोड बोलणाऱ्यांपैकी ते डॉक्टर नव्हते.

आणि हे उद्योग कुणाचे, तर लोवेल हेडलुंडचे! तलावावर दर उन्हाळ्यात मासेमारीची स्पर्धा भरते, तिथं काट्यापाशी तीस वर्षं हाच उभा असायचा. एका वर्षी त्यानं एका माशाचं पोट चिरून आतलं शिसं काढून दाखवलं आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या चुलतभावाला स्पर्धेतून कायमचं हाकललं. त्या घराकडून तेव्हापासून नाताळचं साधं कार्डही येत नाही.

लोवेल भिंतीला धरून स्वयंपाकघरात आला. अंगावर दोन स्वेटर होते, तरी खांद्यांची हाडं दिसत होती. त्यानं बादली पाहिली, विजार पाहिली, मग काटा पाहिला.

"नऊ भरलं असेल," तो म्हणाला.

"बरोबर नऊ."

"चांगला आहे तो काटा."

"लोवेल, मी आत्ता कुठल्या थराला जाईन सांगता येत नाही," ग्लेंडा म्हणाली. "तेव्हा जरा जपून बोल. सख्ख्या चुलतभावाला हाकललंस ना रे याच्यापायी?"

"तो बक्षिसासाठी करत होता."

"आणि तू?"

"औषध बंद पडायला नको होतं मला." तो तिच्यासमोर बसला. "अजून पाच उरलेत. पाचच. तेवढे निभावले की झालं, असं वाटलं."

ग्लेंडा उठली आणि फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलेला कागद काढून तिनं त्याच्यापुढे ठेवला. पहिल्या डोसच्या दिवशी रोझाननं दिलेला तो कागद. तिसऱ्या ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"वाच. औषध वजनाच्या हिशेबानं ठरवतात. तू तीन वेळा त्या शिशाच्या वाटणीचंही औषध अंगात घेतलंयस. आणि वर वजन टिकलंय म्हटल्यावर तुला खायला जात नाहीये हे त्यांच्या ध्यानात तरी कसं यावं? मी सांगत होते, हा सारखा उलट्या करतो, त्या म्हणत होत्या, पण वजन तर छान आहे. मला वाटायला लागलं, मीच वेडी आहे."

लोवेलनं चष्मा लावून ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे मला माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. शेवटचे शब्द तिला जेमतेम ऐकू आले.

तिचा राग थोडा उतरला, पण विषय ती सोडणार नव्हती. टेबलाच्या खणात सप्टेंबरापासून औषधी गांजाच्या कार्डाचा एक घडी केलेला फॉर्म पडून होता, तो तिनं काढला.

"मग हे घ्यायला काय झालं होतं? डॉक्टर स्वतःहून म्हणाले, तुम्ही यात बसता. कॅन्सर सरकारच्या यादीतच आहे, सही करायला ते तयार आहेत. कार्ड आलं की दुकानात जायचं, गांजाचे थेंब आणायचे, जिभेखाली टाकायचे. मळमळ कमी होईल, दोन घास पोटात राहतील. आपल्या चर्चच्या पाद्रीबाईंनी गेल्या वर्षी घेतले. कुणी काही म्हटलं का त्यांना? पण तू म्हणालास, मी काय हिप्पी आहे? आणि मी बावळट, ते खरं मानलं."

लोवेलची नजर बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाकडे गेली. कपाटात त्याच्या वडिलांची रायफल उभी होती. ग्लेंडानं ती नजर पाहिली.

"तिच्यासाठी?"

"कार्ड घेतलं की बंदूक बाळगता येत नाही," लोवेल म्हणाला. "हॅरिसबर्गच्या, आपल्या राज्याच्या कायद्यानं मी पेशंट, वॉशिंग्टनच्या, देशाच्या कायद्यानं मी गर्दुल्ला. गर्दुल्ल्याच्या घरात बंदूक नको, असं त्यांचं म्हणणं."

"कोण येणार आहे इथं डोंगरात तपासायला?"

"कुणी नाही. पण मला तर ठाऊक असेल ना. मी आयुष्यात कधी खोटं..."

ग्लेंडानं बादलीकडे नुसतं पाहिलं. तेवढी तरी लाज त्याला होती. तो कानापर्यंत लाल झाला.

"सेहेचाळीस वर्षं झाली मला शिकारीच्या कॅम्पावर जायला," तो म्हणाला. "एक मोसम चुकला नाही. आता दोन आठवड्यांवर आलाय. पुढच्या वर्षी मी असेन की नाही, तो डॉक्टरही सांगत नाही. मग यंदा हात हलवत जाऊ तिथं? सगळे रायफली घेऊन जंगलात जाणार आणि मी आजारी माणूस म्हणून चुलीपाशी पांघरूण घेऊन बसणार. त्यापेक्षा उलट्या बऱ्या, ग्लेंडा."

ते तिला समजलं. हट्टाशी ती भांडू शकली असती. इथं समोर भीती बसली होती.

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि उत्तराची वाट न पाहता एमेट आत आला. एमेट म्हणजे लोवेलचा शाळेपासूनचा मित्र. दोघांनी एकाच कागदाच्या गिरणीत नोकरी केली आणि एकाच वर्षी सोडली. कॅम्पाच्या किराण्याची यादी त्याच्या हातात होती. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेल्यापासून कॅम्पावरचा स्वयंपाक तोच करायचा.

"या वर्षी घेवडा वीस डबे पुरेल ना?" असं म्हणत तो टेबलापाशी आला आणि थांबला. बादलीतलं शिसं, उलटी केलेली विजार, तिच्यातल्या पिशव्या. स्पर्धेच्या काट्यावर तीस वर्षं आकडे लिहून घेणारा माणूस एमेटच होता. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"इतका मोठा मासा आजवर कुणी भरला नव्हता रे," तो म्हणाला. पण हसला नाही. खुर्ची ओढून बसला. "किती?"

"नऊ," ग्लेंडा म्हणाली. "आणि कार्ड घेत नाही म्हणतो. रायफल जाईल म्हणून."

एमेटनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ तो टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्यानं मागच्या खिशातून पाकीट काढलं, आतल्या कप्प्यात दोन बोटं घालून एक कार्ड ओढलं आणि ते लोवेलपुढे ठेवलं. कार्डावर त्याचाच फोटो होता, चोरून मटण खाताना सापडल्यासारखा.

लोवेलनं कार्ड उचललं. "हे कधी?"

"दोन वर्षं झाली. प्रोस्टेटचा कॅन्सर होता. आता बरा आहे मी. तेव्हा मात्र फार वाईट दिवस काढले."

"मला सांगितलं नाहीस."

"कुणालाच नाही सांगितलं. असल्या जागेचं काय सांगायचं?"

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे."

ग्लेंडानं मान खाली घातली, कारण तिला हसू येत होतं आणि आत्ता ते बरं दिसलं नसतं.

"दोन वर्षं मी तुझी लाकडं वाहिली," लोवेल सावकाश म्हणाला. "ओढ्यावरून पाणी आणून दिलं. दोन दोन बादल्या, बर्फातून."

"आणलंस खरं. फार उपकार झाले."

"नालायक माणूस आहेस तू."

"आहेच."

"रायफल कुठंय तुझी?"

"एरीला, पुतणीकडे. कार्ड यायच्या आधीच देऊन आलो." एमेटनं यादीची सुरळी केली, पुन्हा उलगडली. "खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी पहाटे तुम्ही सगळे निघून गेलात तेव्हा रडलो मी. मग कांदे चिरायला घेतले, त्यात ते खपून गेलं. सातच्या सुमाराला वरच्या कड्यावरून एक बार ऐकू आला. म्हटलं, हा लोवेलचा. पाठोपाठ दुसरा आला, तो कुणाचा तेही कळलं. चुलीपाशी बसूनही सगळं कळतं रे. आणि दुपारी तुम्ही भुकेले परत आलात की माझ्याशिवाय तुमचं पान हलत नाही. गेल्या वर्षी बूट घालून आत आला म्हणून डेलला मी जेवण बंद केलं होतं. कुणी ब्र काढला का? तूसुद्धा नाही काढलास."

"घाबरलो होतो तुला."

"तेच म्हणतोय मी. स्वयंपाक्यापुढे तिथं कुणाचं चालत नाही." एमेट उठला आणि टोपी घातली. "यंदा नऊ जण आहेत. बटाटे सोलायला मला माणूस हवाय. पांघरूण घेऊन बसणारा नकोय, सोलणारा हवाय. बघ बाबा."

कार्ड तसंच टेबलावर विसरून तो निघाला होता. ग्लेंडानं दारात जाऊन त्याच्या हातात दिलं. तिला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिनं त्याच्या कोटाची कॉलर नीट केली.

ती परत आली तेव्हा लोवेल अजून तिथंच बसला होता. त्यानं फोन मागितला. आधी त्यानं इस्पितळाचा नंबर लावला.

"रोझान, मी लोवेल हेडलुंड. माझं वजन तुमच्याकडे चुकीचं लिहिलं गेलंय. तीनही वेळा." तो थांबला. "नाही, तुमचा काटा बरोबर आहे. मीच लबाडी केली."

हे वाक्य म्हणताना तो ताठ बसला होता. पलीकडून रोझान बराच वेळ बोलत राहिली. उलट्या सगळ्या काही त्या जादा औषधामुळे झालेल्या नाहीत, पण सोमवारच्या डोसाचा हिशेब आता नव्यानं मांडावा लागेल. कदाचित एक आठवडा थांबावं लागेल. खाणं जायला लागलं तर मात्र उरलेले डोस सोडायचं कारण नाही, असं ती म्हणाली. आणि तो फॉर्म आजच्या आज पाठवून द्या. फोन ठेवल्यावर लोवेलनं फॉर्म उलगडून सही केली. त्याची सही थोडी तिरकी आली.

मग तो कपाटापाशी गेला. रायफल बाहेर काढून, ती रिकामी आहे ना हे पाहून, त्यानं ती दोन्ही हातांवर आडवी धरली. ग्लेंडा सिंकपाशी उभी राहून ऐन वेळी आठवलेली एक बशी घासत होती. तिला केंड्राची, त्यांच्या एकुलत्या मुलीची आठवण आली. बारा वर्षांची झाल्यावर केंड्रानं शिकारीचं लायसन्स काढलं होतं आणि नेमबाजीत गावातल्या साऱ्या पोरांना मागं टाकलं होतं. पण कॅम्पावर बायकापोरींना नेत नाहीत, असा आजोबांच्या वेळेपासूनचा नियम. त्या वर्षी मोसमाच्या पहिल्या पहाटे शिकारीचं नारिंगी जाकीट चढवून ती पोर ओसरीत उभी राहिली होती आणि लोवेलची गाडी निघून गेली होती. त्यानंतर तिनं परत कधी विचारलं नव्हतं. त्याला सव्वीस वर्षं झाली. केंड्रा आता तासाभराच्या अंतरावर राहायची, दर रविवारी फोन करायची, आणि शिकारीचं नाव काढायची नाही.

लोवेल रायफल टेबलावर ठेवून पुन्हा फोनपाशी बसला.

"केंड्रा, बाबा बोलतोय. नाही, बरा आहे. आई पण बरी आहे. अगं, ऐक तर. आजोबांची रायफल तुझ्याकडे द्यायची आहे. सांभाळायला नव्हे, तुलाच." त्यानं घसा साफ केला. "थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, मोसमाच्या पहिल्या दिवशी, काय करतेयस? कॅम्पात आणखी एक खाट टाकतोय आम्ही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"होता नियम. आता तिथला स्वयंपाक माझ्याकडे आहे. माझ्याकडे आणि एमेटकडे. आम्ही म्हणू ते."

त्यानंतर फोनवर काहीच ऐकू आलं नाही. ग्लेंडानं नळ बंद केला. लोवेल फोन कानाला धरून वाट पाहत राहिला, आणि त्या दोन-चार क्षणांत तो तिला एकदम फार म्हातारा आणि फार लहान दिसला. मग केंड्रानं एक छोटासा प्रश्न विचारला.

"पहाटे चारला," लोवेल म्हणाला. "आणि उपाशीपोटी येऊ नकोस."