चित्राच्या पोटातली नावं

सोमवारी सकाळी घड्याळजींनी नेहमीसारखं संगणकावरच्या पानात एका घड्याळाच्या फोटोवर क्लिक केलं, पण पान काही बोलेना. दुसऱ्यावर केलं, तोही मुका. रात्री संगणक अपडेट घेऊन आपणहून बंद पडून पुन्हा सुरू झाला होता.

ते पान त्यांच्या बायकोने बनवलेलं. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या फोटोवर क्लिक केलं की मालकाचं नाव आणि घड्याळाचं दुखणं दिसायचं. संध्याकाळी पान बंद करायची तीच. ती वारल्यावर नवी नावं चढवायची सोय मेहुणीने करून दिली, पण पान बंद करायला यांचा हात काही धजावला नाही.

मेहुणी धावत आली. थोडा वेळ पडद्यात डोकं घालून बसली आणि तिने कपाळावर हात मारला.

"भावोजी, ताई नाव फाइलमध्येच लिहायची, फोटोच्या ओळीत. माझा कोड नाव फोटोला चिकटवायचा, पण नुसतं मेमरीत. पान पुन्हा उघडलं की पाटी कोरी!"

"मग इतके महिने कसं चाललं?"

"तुम्ही बंदच केलं नाहीत ना! असं कोण करतं?"

"मी."

तिने माउस स्वतःकडे ओढला. मग तिने एका जुन्या फोटोवर क्लिक केलं. ताईचे शब्द तस्सेच होते: 'काटा अडकतो. मालक तापट, आधी पाणी द्यावं.'

दोघंही खो-खो हसले.

"तुमच्याबद्दल काही लिहिलंय का बघू?"

"मी कुठे दुरुस्तीला आलो होतो?"

"तेच तर चुकलं ताईचं!"

मग फोनवर जेवढी गिऱ्हाइकं होती, तेवढ्यांना फोटो गेले: हे तुमचं का? एक बाई म्हणाल्या, "माझं तर तुम्ही कधीच परत दिलंत, बरं चालतंय." एकाचं उत्तर आलं, "माझं नाही, पण सुंदर आहे. ठेवून घेऊ का?"

मालक सापडेल तसं मेहुणी त्याचं नाव फाइलमध्ये लिहीत गेली. शेवटी म्हणाली, "आता पान बंद करा."

"कशाला?"

"बंद केल्याशिवाय टिकलं का ते कळणार कसं?"

घड्याळजींनी बराच वेळ माउस नुसता धरून ठेवला. मग पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. सगळी नावं जागच्या जागी होती.

दोन घड्याळांचे मालक मात्र अजून सापडलेले नाहीत.