फिनेलचे हात

गल्लीतली निम्मी पोरं सारजाबाईच्या नडग्यांवर न्हाऊन मोठी झालेली. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळ पायांवर पालथं घालायचं, तेलाचा हात फिरवायचा, वरून ऊन पाणी. कसलंही किरकिरं लेकरू तिच्या पायांवर पेंगायला लागायचं. आणि आता तिच्या स्वतःच्या घरात पहिली नात आली, तर तिला न्हाऊ घालत होती शेजारची छबुबाई. छबुबाईचा हात म्हणजे कढई घासल्यासारखा. मोरीतून बाळ किंचाळायचं आणि सारजाबाई ओट्याकडं तोंड करून उगाच डबे इकडचे तिकडं करायची.

कंबर धरलीय, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खरं दुखणं पदराखाली होतं.

त्याची सुरुवात हौसेनंच झाली. सून योगिताचे आईबाप उसाच्या तोडीवर गेलेले, त्यामुळं बाळंतपण सासरीच, घाटनांदूरला करायचं ठरलं. सारजाबाईनं मोरी बघितली, तर बोअरच्या पाण्यानं फरशीवर पांढरा थर चढलेला. ऑटोला भोंगा लावून सुटं ॲसिड आणि फिनेल विकणारा गल्लीत आला, तेव्हा तिनं दोन्हीची एकेक बाटली घेतली आणि आठ दिवस उघड्या हातांनी फरशी घासली. थर निघाला. त्याच्यामागं तिच्या तळहातांची सालंही निघाली. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ उठलं, कातडीला भेगा पडल्या आणि खाज अशी की, बोलता बोलता हात भिंतीला घासावा वाटे.

ॲसिडचा तिला संशयसुद्धा आला नाही. ती मेंढपाळाची लेक. खाजतंय म्हणजे खरूज, हे तिनं लहानपणीच बघितलेलं. तिचा बाप धुळाजी खरजेची मेंढी कळपातून बाजूला काढायचा, वेगळी बांधायचा आणि अंगाला फिनेल चोळायचा. सारजाबाईनं स्वतःला तसंच बाजूला बांधलं. सकाळ-संध्याकाळ मोरीचं दार लावून बाटलीतलं फिनेल हातांवर घ्यायची, दात खाऊन चोळायची. भाकरीचं तिला एवढं वाटत नव्हतं, तव्यावर काय जगतंय. पण लेकराला काही तव्यावर शेकून घेता येत नाही. म्हणून नातीला तिनं बोटही लावलं नव्हतं. दुरून बघायची, पदरात हात घट्ट धरून.

हात बरे व्हायचं सोडून रोज जास्तच चिरत चालले होते. हे आयुष्यभराचं असलं तर काय, या विचारानं तिला घास जाईना.

चौदाव्या दिवशी दवाखान्याची आशाताई सत्यशीला बाळाचं वजन करायला आली. काटा आढ्याला अडकवून तिनं सारजाबाईला सांगितलं, मावशी, बाळाला झोळीत ठेवा. सारजाबाई दोन पावलं मागं सरली. कंबरेचं कारण तिनं पुन्हा काढलं, पण या वेळी खाटेवर बसलेल्या योगितानं ते पुरं होऊ दिलं नाही.

"आत्या, पोरगी झाली म्हणून हात लावीना का तुमी?"

आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. चौदा दिवस पोरीनं हे पोटात ठेवलं होतं. असा कुणाला संशय येईल, हे सारजाबाईच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनं पदर बाजूला केला आणि दोन्ही हात पुढं धरले.

सत्यशीलानं हात उलटेपालटे करून बघितले, मग विचारलं, "काय लावता ह्याला?"

"फिनेल."

"पाण्यात टाकून?"

"पाण्यात कावून? जोर कमी हुतोय की."

सत्यशीलानं कपाळाला हात लावला. वजन उरकलं, आणि सारजाबाईला गाडीवर मागं बसवून तिनं तडक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी हात उजेडात धरून बघितले, कधीपासून, काय काय घासलं, घरात आणखी कुणाला खाजतंय का, सगळं विचारलं. मग सांगितलं की ही खरूज नाही, ॲसिडनं आणि फिनेलनं कातडी भाजलीय. दोन्ही बंद, मलम लावायचं, पंधरा दिवस हात पाण्यात घालायचे नाहीत.

"लेकराला लागायचं न्हाई ना?" सारजाबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

"कुणालाच लागत नाही, आजी."

परतताना गाडीवर तिला मोकळं, गार वारं लागलं. बापाच्या मेंढ्या फिनेल लावताना एवढ्या का ओरडायच्या, ते पन्नास वर्षांनी कळलं म्हणून ती स्वतःशीच हसली, आणि हसताहसता थोडी रडली. पुढं बघून गाडी चालवणाऱ्या सत्यशीलाला काही दिसलं नाही.

घरी लेकानं, बजरंगनं, फिनेलचं ऐकून तोवर मोरी साध्या पाण्यानं चार वेळा धुऊन काढली होती. योगिताला सारजाबाईनं सगळं सांगितलं. पंधरा दिवस हात पाण्यात न्हाईत, म्हणजे न्हाणं पुन्हा छबुबाईकडंच, असंही ती म्हणाली. योगिता बराच वेळ बाळाच्या टोपीची नाडी सोडत बांधत राहिली.

"हात चालत न्हाईत," ती शेवटी म्हणाली. "पायांना काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाई आली, तेव्हा सारजाबाई पाटावर पाय पसरून बसलेली, मलम लावलेले हात वर धरून, जणू मेंदी वाळवतेय. नडग्यांवर बाळ पालथं. तेलाचा हात योगिता फिरवत होती आणि सासू हुकूम सोडत होती: अंगठ्यानं न्हाई, तळव्यानं. हळू. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघ.

"कंबर सुटली म्हणायची," छबुबाई दारातूनच म्हणाली.

"सुटली, बाई," सारजाबाई म्हणाली. "हळू बोल जरा. पेंगतीय ती."