दोन हजार एकचा आवाज

भूपाल चौगुलेचा जुना आवाज मंगळवारी सकाळी सुकुमार मगदूमच्या दारात येऊन उभा राहिला. कमरेएवढा उंच, काळाकुट्ट, पाठीवर ओलसर आणि चालू मोटारीसारखा गरम. तोंड त्याला नव्हतं. सुकुमारच्या बायकोनं, शालननं, चहाचं पातेलं खाली ठेवलं.

"ह्याला आत घ्यायचं का?" तिनं विचारलं.

"घ्यायलाच लागंल," सुकुमार म्हणाला. "मीच मागवलाय."

मागवला म्हणजे काय, तर रविवारी त्यानं माती खाल्ली होती.

भूपाल हा 'घणाघात' बँडचा गायक. इचलकरंजीत चोवीस वर्षं मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक, वाजवणारा दुसरा बँड नाही, आणि कुठल्या शहाण्यानं काढलाही नसता. यंत्रमागांच्या खटखटाटात वाढलेली ही चार पोरं. साधं बोललेलं घरातसुद्धा कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून ओरडायला शिकली. भूपाल ओरडायला लागला की शेडच्या पत्र्याला झिणझिण्या यायच्या. सुकुमार त्याचा शाळेपासूनचा दोस्त. कामानं जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा, आणि बँडच्या चाहत्यांमधला एक नंबरचा. नंबर खरोखरचा होता बरं का, प्रत्येकानं मनगटावर गोंदवून घेतलेला. सुकुमारच्या मनगटावर एकचा आकडा होता.

ह्या मंडळींची एक रीत होती. नवा अल्बम निघाला की तो पहिल्यांदा शेडमध्ये, चाळीस माग बंद ठेवून, सगळ्यांनी उभ्यानं ऐकायचा. एक नंबरवाल्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पीकरवर हात ठेवायचा. हात टिकला तर अल्बम आपला, निघाला तर परका. चोवीस वर्षांत हात कधी निघाला नव्हता.

ह्या रविवारी भूपाल ओरडलाच नाही. तो हळू गायला, मागावरची पाळी संपल्यावर माणूस पाय धुता धुता स्वतःशी बोलतो तसा. मागं गिटार होती, पण तिलाही कसली घाई नव्हती. दुसऱ्या गाण्याला सुकुमारनं डोळे मिटले. तिसऱ्याला डोळे भरले. एवढं ह्या गड्याच्या पोटात होतं आणि आपल्याला पत्ताच नाही, असं त्याला झालं. मग त्यानं मान वर केली. साठ माणसं त्याच्या हाताकडं बघत होती, आणि साठच्या साठ तोंडं आंबलेली. सुकुमारनं हात काढला.

"हा आपला भूपाल न्हवं," तो म्हणाला.

शेडमध्ये असा काही जल्लोष झाला, जशी काय ह्यांनी लढाईच मारली. संध्याकाळी भूपालचा फोन आला.

"सुक्या, खरंच आवडलं नाही तुला?"

"नाही."

"परत एकदा सांग."

"नाही आवडलं. आम्हाला जुना आवाज पाहिजे."

"मग धाडून देतो," भूपाल म्हणाला. "त्याच्यापायी प्रत्येक कार्यक्रमानंतर माझ्या घशातनं रक्त यायचं. तुम्हाला एवढी हौस आहे तर सांभाळा तुम्ही."

तर असा तो आवाज आला आणि खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. दुपारपर्यंत गावभर झालं. चाहते दाराबाहेर चपला काढून आत आले, भिंतीला टेकून बसले. सगळ्यात पुढं तवनाप्पा खोत, दोन नंबरवाला. ह्याचं झेरॉक्सचं दुकान. जन्मात स्वतःचं एक अक्षर काढलं नाही गड्यानं, पण दुसऱ्याच्या कागदावर डाग कुठं पडलाय ते बरोबर दाखवायचा. त्यानं कोपऱ्याकडं बघून हात जोडले. आवाजानं एकच डरकाळी फोडली. खिडकीची काच तडकली.

"नाद खुळा!" तवनाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाच तो. दोन हजार एकचा. पहिल्या अल्बमचा."

खोटं कशाला बोला, सुकुमारच्याही अंगावर काटा आला. तोही आवाज त्याच्या जिवाचाच होता. नव्यावर जीव जडला म्हणून जुन्यावरचा उडाला, असं थोडंच असतं? पण हे त्या साठ जणांना कोण सांगणार!

बुधवारी आवाज बोटभर कमी भरला. तवनाप्पानं टेप लावून मोजला, दोनदा मोजला, आणि मग घरभर नजर फिरवली.

"हा फ्रिज कधीचा?"

"गेल्या दिवाळीचा."

चौघांनी फ्रिज उचलून गल्लीत नेऊन ठेवला. आवाज पुन्हा बोटभर वाढला. दोन हजार एकच्या नंतरचं ते सगळं बाहेर, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मग मिक्सर गेला, टीव्ही गेला, दोन हजार पंधरा साली बसवलेली फरशी पहारीनं उचकटून नेली. टीव्हीचा एक कोपरा सुकुमारनं स्वतः धरला होता. मागची खोली दोन हजार बारा साली बांधलेली. गुरुवारी सकाळी त्यानं तिचं दार उघडलं तर पुढं सरळ भिंत. त्यानं दार परत लावून घेतलं.

शुक्रवारी तवनाप्पा शालनसमोर येऊन उभा राहिला. बोलायला मात्र अगदी अदबशीर.

"वहिनी, लग्न कधीचं तुमचं?"

"दोन हजार आठचं."

आवाज कोपऱ्यात खोकला. शालननं नवऱ्याकडं बघितलं.

"तुम्ही काय म्हणता?"

"दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे," सुकुमार म्हणाला.

"म्हणजे मला आता फ्रिजच्या शेजारी बसवणार होय? चांगलं आहे की. तोही तुम्हीच हौसेनं आणला होता, मलाही तुम्हीच." तिनं पदर खोचला, स्टोव्ह आणि चहाचं पातेलं उचललं आणि गल्लीत जाऊन बसली. स्टोव्ह जुना होता, तरी तिला कुणी अडवलं नाही.

मुलीला, सन्मतीला, कुणी सालही विचारलं नाही. चौदा वर्षांची पोर, हिशोब उघडच होता. ती आपणहून निघाली आणि उंबऱ्यावर थांबली.

"पप्पा, तुम्ही आंघोळ करताना नवंच गाणं म्हणता. मी रोज ऐकते."

आवाज एकदम खाली बसला. गुडघ्याएवढा झाला. साठ माना सुकुमारकडं वळल्या.

"खोटं बोलतीय पोरगी," सुकुमार म्हणाला.

सन्मती रडली नाही, भांडली नाही. एखाद्या पत्ता चुकलेल्या माणसाकडं बघावं तसं तिनं बापाकडं बघितलं आणि आईकडं गेली. सुकुमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उठून तिच्या मागं जावं, तर उठायला जागा नव्हती. सामान गेल्यावर खोली मोठी व्हायला पाहिजे होती. ती आखडली होती, आणि माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट. जो तो श्वास सोडायला शेजारच्याची वाट बघत होता.

आवाज वाढेना. मग त्यांनी सुकुमारचा चष्मा काढून घेतला, तो चार वर्षांपूर्वीचा. दाढेत भरलेलं सिमेंट तवनाप्पानं सुईनं कोरून काढलं, तेही नवंच. पहिल्या अल्बमच्या वेळचा काळा टी-शर्ट कुणीतरी माळ्यावरून शोधून आणला आणि तिघांनी मिळून त्याच्या पोटावरून खाली ओढला. तो छातीत इतका रुतला की सुकुमारला निम्माच श्वास घेता येईना.

"आता?" त्यानं विचारलं.

तवनाप्पानं टेप लावली. आवाज गुडघ्याएवढाच होता.

रविवारी सकाळी तवनाप्पा त्याच्या पुढ्यात मांडी घालून बसला.

"दादा, एक विचारू? तू कधीचा?"

"मी? मी एकोणऐंशीचा. तुमच्या सगळ्यांच्या आधीचा. हे बघ," म्हणून सुकुमारनं मनगट पुढं केलं.

"ते जन्माचं झालं. शेडमध्ये तिसऱ्या गाण्याला जो रडला, तो कधीचा?"

सुकुमारनं मनगट मागं घेतलं.

"आम्ही बघितलं होतं," तवनाप्पा म्हणाला. "सगळ्यांनी. तू हात काढलास म्हणून गप्प बसलो. पण तो माणूस गेल्या रविवारचाच आहे, दादा. ह्या घरात तुझ्याइतकं नवं दुसरं काही राहिलेलं नाही."

हे तो रागानं बोलला असता तरी बरं होतं. त्याच्या बोलण्यात उलट माया होती. त्यानं सुकुमारच्या खांद्याखाली हात घातला, दुसऱ्यानं कमरेखाली, तिसऱ्यानं पायाखाली. कार्यक्रमात उचलतात तसं त्यांनी त्याला उताणा उचलला आणि डोक्यावरून, हातोहात, दाराकडं सरकवला. सुकुमारनं चौकट धरली. कुणीतरी हळूच त्याची बोटं सोडवली, एकेक करून. तो दाराबाहेर पडला आणि मागं आवाज उभा राहिला. गुडघ्याएवढा होता तो छताला लागला, छत ओलांडून गेला आणि डरकाळ्या फोडायला लागला.

गल्लीतसुद्धा माणसंच माणसं, सगळ्यांचे हात वर. सुकुमार एका हातावरून दुसऱ्या हातावर जात होता. चष्मा नव्हता, तरी फ्रिज त्याला ओळखू आला. फ्रिजच्या अलीकडं उचकटलेल्या फरश्यांवर शालन बसली होती, स्टोव्हवर चहा उकळत होता, तिच्याशेजारी सन्मती. आणि दोघींच्या मधे भूपाल. तो येऊन बसला होता, हातात कप होता, ओठ हलत होते. तो काहीतरी गुणगुणत होता आणि सन्मती मान डोलावत होती.

आता तरी बोल मर्दा, सुकुमार स्वतःला म्हणाला. आता काय राहिलंय जायचं?

"भूपाल!" त्यानं निम्म्या श्वासावर होता तेवढा जोर लावला. "आवडलं रे मला! पहिल्यापासनं आवडलं! मी घाबरलो, भूपाल! आवडलं मला!"

आवाज गल्लीत मावत नव्हता. सुकुमारला स्वतःचा एक शब्द ऐकू आला नाही. माणसं आनंदानं उड्या मारत होती, आणि तो त्यांच्या हातांवर, तोंड वासलेला, भूपालच्या दिशेनं सरकत चालला होता. शालननं पातेलं बाजूला ओढून घेतलं.

भूपालनं वर बघितलं. सुकुमारचं उघडं तोंड, ताणलेल्या शिरा, अंगातला तो टी-शर्ट त्याला दिसला. आपला दोस्त सुखात आहे, असं त्याला वाटलं असावं. तो कसनुसा हसला, कप खाली ठेवला, उठला आणि त्यानंही हात वर केला. त्या हातावर सुकुमारची पाठ टेकली, आणि त्या हातानं त्याला पुढं ढकललं.