दोन मणी कमी

मी गणितातला आलेख बोलतोय. जाळं नव्हे, तोरण तर मुळीच नव्हे. मालवणच्या या घरात येणारा प्रत्येक पाहुणा मला तोरण म्हणतो, आणि ऐकून ऐकून मी मेटाकुटीला आलोय.

घरच्या गणितज्ञ अनुजाने मला सावंतवाडीच्या लाकडी मण्यांपासून बनवलं. प्रत्येक मण्याला चार दोऱ्या: लाल, पिवळी, हिरवी, निळी. मणी म्हणजे चार त्रिकोणांनी बंद झालेला एक भरीव ठोकळा. दोन मण्यांमध्ये लाल दोरी असली, की त्या ठोकळ्यांच्या लाल बाजू एकमेकींना चिकटल्या असं समजायचं. सगळे ठोकळे असे चिकटवले की जे त्रिमितीय अवकाश तयार होतं, ते हातात धरून दाखवता येत नाही. म्हणून माझा जन्म. चतुर्थीच्या संध्याकाळी परदेशातल्या परीक्षकांना ती मला कॅमेऱ्यातून दाखवणार होती. तिची संशोधनाची जागा त्यावरच ठरणार होती.

आणि त्याच दिवशी सकाळी तिचे भाईकाका गणपतीच्या डोक्यावरची माटवी, म्हणजे फळापानांनी सजवायची लाकडी चौकट, बांधायला बसले. नारळ झाले, काकड्या झाल्या, आंब्याच्या पानांचे टाळे झाले, तरी एक कोपरा त्यांना रिकामा वाटला. मी समोरच लटकत होतो. त्यांनी मधल्या लाल दोरीसकट माझे दोन मणी कात्रीने कापले आणि वर टांगले. उरलेली सहा टोकं लोंबताना बरी दिसेनात, म्हणून हिरवीला पिवळी, पिवळीला निळी, हाताला येतील तशी बांधून टाकली. कपाळाला हात लावायचा तर मला हातही नाही.

"भाईनु, माझे मणी खंय?" अनुजाने विचारलं.

"माटवेक बांधलंय. आता गणपती जाईसर सोडूचे नाय," भाई शांतपणे म्हणाले. "तुझ्या दोऱ्यांका गाठी मारून दिलंय मा?"

बांधलेल्या माटवीला कोण हात लावणार? अनुजा माझ्यापुढे मटकन बसली. मला वाटलं, आता रडते. पण तिने भाईंच्या गाठी सोडल्या आणि लाल दोऱ्या वगळून बाकीच्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं. लाल दोऱ्या नसत्या, तर गेलेले दोन मणी माझ्या दोन वेगळ्या भागांत पडले असते. असे दोन मणी काढले तरी चालतात; तेवढं पुरे होतं. तिने पिवळीला पिवळी, हिरवीला हिरवी, निळीला निळी बांधली. मी लहान झालो, अवकाश मात्र तेच राहिलं. म्हणजे इतके महिने ते दोन मणी मी उगाच अंगावर वागवले. हा अपमान सांगू कुणाला?

संध्याकाळी परीक्षकांनी मला बघितलं, आणि तिला जागा मिळाली. भाई मोदक खात माझ्याकडे बघत राहिले.

"आणि दोन काढूचे काय गो?"

आता तरी ती चिडेल असं मला वाटलं. ती चिडली नाही. लाल दोऱ्या वगळत पुन्हा माझ्यावरून बोट फिरवू लागली.

वाचकहो, मला तोरण म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. पण ती कात्री तेवढी कुणीतरी लपवा.