ओली काडेपेटी

अकरावी काडीही पेटली नाही. तिचा गुल पेटीच्या कडेवर चिखलासारखा फासला गेला आणि निरीक्षकांनी ती काडी आधीच्या दहा काड्यांशेजारी दगडावर ओळीत ठेवली. वाया गेलेली वस्तूही मोजून ठेवायची, ही तीस वर्षांची सवय. वजनमापे खात्यात त्यांनी हयात घालवली होती. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, दुकानदाराचा चेहरा उतरेपर्यंत थांबायचं. निवृत्त होऊन चार महिने झाले तरी कुणाची तरी चूक पकडायला हात शिवशिवत असत.

तंबू मात्र चोख उभा राहिला होता. पिवळी कयाक, एकट्याने वल्हवायची ती अरुंद होडी, नदीकाठच्या वाळूवर ओढून झाडाच्या बुंध्याला दुहेरी गाठ मारून बांधली होती. ऊन पलीकडच्या झाडांमागे गेलं होतं. छोटा स्टोव्ह होता, तवा होता, चार अंडी होती, चहाची पूड होती, आणि यादीत काडेपेटीसमोर बरोबरची खूणही होती. ‘पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या बाबा,’ असं लेकीने दोनदा सांगितलं होतं. ‘मला शिकवू नकोस,’ असं त्यांनी एकदाच सांगितलं होतं. दुपारी कयाक एका खडकाला घासून कलली, मांडीपर्यंत पाणी आत आलं आणि खिशातली पेटी भिजली.

कयाक लेकीनेच दिली होती, निवृत्तीच्या दिवशी. तरुणपणी आपण कॉलेजच्या संघात वल्हवायचो, हे त्यांनी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं की तिने त्यांना शब्दात पकडलं. “एक रात्र एकटे जाऊन या ना नदीवर. किती वर्षं म्हणताय.” बायकोने मान डोलावली होती, वर स्वतःच्या हाताने अंथरुणाला जाड खोळ शिवून दिली होती. एवढी माया बघून निरीक्षकांना भरून आलं होतं. जन्मभर त्यांना प्रत्येकाचा संशय आला, नेमका इथे आला नाही.

एक गोष्ट त्यांनी घरी सांगितली नव्हती. नदी त्यांच्या वस्तीला मोठा वळसा घालते. दिवसभर बावीस किलोमीटर वल्हवून माणूस जिथे पोचतो, तिथून मधली टेकडी ओलांडली की त्यांच्याच घराची मागची बाजू लागते. चालत वीस मिनिटं. ‘मुक्काम बावीस किलोमीटर खाली,’ असं ते छाती काढून म्हणाले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मापात बसत होतं.

कच्ची अंडी पिऊन झोपण्याइतके ते काही वीर नव्हते. ओली पेटी खिशात घालून ते टेकडी चढू लागले.

माथ्यावरूनच रेडिओ ऐकू आला. शेजाऱ्यांचा असेल असं त्यांना वाटलं, कारण त्यांच्या घरातला रेडिओ इतका मोठा वाजणं शक्य नव्हतं. आवाजाच्या बटणाशेजारी त्यांनी लाल ठिपका लावला होता. बटण त्याच्यापुढे जायचं नाही. ठिपका बायकोच्या नखांना लावायच्या रंगाचा होता. ती बाटली तिने त्यानंतर कधी उघडली नाही. उताराला लागल्यावर त्यांनी आवाजाचा माग काढला, आणि तो त्यांच्याच स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत जाऊन संपला.

ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. खिडकीच्या कट्ट्यावर, हात घातला की मिळेल अशी, काडेपेटी होती. आत दिवा होता. बायको त्यांच्या खुर्चीत बसली होती, दोन्ही पाय टेबलावर टाकून. मायलेकी एकाच तव्यातून आम्लेट खात होत्या, ताटल्यासुद्धा घेतल्या नव्हत्या. लेकीने चमचा बोटावर आडवा तोलून धरला, नाकावर चष्मा ओढल्यासारखं केलं आणि घसा खाकरला.

“मीठ दोन ग्रॅम जास्त आहे. तवा जप्त!”

बायको हसली. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती हसतच राहिली. सदतीस वर्षं संसार केलेल्या निरीक्षकांना हा आवाज अनोळखी होता.

“आई, मी काय म्हणते, दर महिन्याला पाठवू या,” लेक म्हणाली. “पुढच्या वेळी दोन रात्री.”

“आधी परत तर येऊ देत.”

“मध्येच होडी उलटली तर गं?”

“उलटायची नाही,” बायको पदराने डोळे पुसत म्हणाली. “तिची तरी एवढी हिंमत कुठून असणार?”

पुन्हा दोघी हसल्या. मग रेडिओवर कुठलंसं जुनं गाणं लागलं, आणि बायको तव्यातला शेवटचा तुकडा लेकीकडे सरकवून गाऊ लागली. आधी गुणगुणत, मग मोकळ्या गळ्याने. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती अशीच गायली होती, तेव्हा ते म्हणाले होते, ‘तुझा सूर लागत नाही.’ त्यांना स्वतःला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरात कुणीतरी तपासायला हवं होतं. आता भिंतीशी उभं राहून त्यांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. सुरातलं कळत नसूनही त्यांना एवढं कळलं की ती सुंदर गाते.

आत जावं, खाकरावं, दोघींचे चेहरे उतरताना बघावे, असं त्यांना फार वाटलं. पण मग टेकडीचं सांगावं लागलं असतं, आणि भिजलेल्या पेटीचंही. दोघी उठून बाहेरच्या खोलीत गेल्या तशी त्यांनी खिडकीतून हात घालून कोरडी पेटी उचलली. जागा रिकामी दिसली. या घरात जागेवरची वस्तू नाहीशी झाली तर सगळ्यांत आधी आरडाओरडा करणारे तेच. हात आपोआप खिशात गेला आणि त्यांनी ओली पेटी नेमकी त्याच जागी, त्याच कोनात ठेवून दिली. एकाच्या जागी एक. नग बरोबर.

परत येऊन त्यांनी पहिल्याच काडीत स्टोव्ह पेटवला. अंडी करपली. निरीक्षक रडले, हेही सांगायला हवं, बरंच रडले. रडून झाल्यावर त्यांनी तवा वाळूने लख्ख घासला.

सकाळी ते आणखी सहा किलोमीटर वल्हवत पुलापर्यंत गेले. ठरल्याप्रमाणे लेक तिथे गाडी घेऊन उभी होती. कयाक टपावर चढवताना ती पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे बघत होती.

“कसं झालं बाबा? मजा आली?”

“उत्तम.”

“मग पुढच्या महिन्यात परत? तुम्हाला मानवलंय हो. चेहरा बघा कसा दिसतोय.”

“बघू,” ते म्हणाले.

घरी खुर्ची जागेवर होती. रेडिओ बारीक आवाजात बातम्या देत होता, बटण लाल ठिपक्याच्या बोटभर अलीकडे. ते हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात एक कागद पसरला होता आणि त्यावर काड्या मांडल्या होत्या, एकीला एक न चिकटू देता, सरळ ओळीत. त्यांनी मोजल्या. एकोणतीस. पेटी चाळीसची असते.

“काड्या ओल्या निघाल्या,” बायको पाठमोरीच म्हणाली. ती चहा गाळत होती. “सकाळी पेटी उघडल्यावर कळलं. शेजारून मागून आणली पेटी.”

“खिडकी उघडी राहिली असेल. पावसाची सर आली असेल.”

“काल पाऊस नव्हता.”

“मग दव.”

“असेल.” तिने कप त्यांच्या हातात दिला. “अंडी नीट शिजली ना रात्री?”

निरीक्षकांनी चहात नसलेली साखर बराच वेळ ढवळली. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो लोकांना पकडलं होतं. पकडलं गेल्यावर माणूस कुठे बघतो हे त्यांना पाठ होतं. ते तिथेच बघत होते, स्वतःच्या पायांकडे.

“शिजली,” ते म्हणाले. मग कप खाली ठेवून त्यांनी लेकीला हाक मारली. “माझं ड्रिल काढ गं माळ्यावरून.”

लेक दारात आली. “आत्ता? कशाला?”

“कयाक आता नको. एकट्याला करमत नाही तिथे. तुम्ही दोघी इथे, मी तिकडे, याला काय अर्थ आहे? या खिडकीखाली ठेवू. तळाला भोकं पाडायची, माती भरायची. तुझ्या आईला फुलं आवडतात.”

“बाबा, पण तुम्हाला आवडलं होतं ना? उत्तम म्हणालात.”

“आवडलं. पण घर ते घर.”

“मला फुलं...” बायको म्हणाली आणि थांबली.

“आवडतात,” त्यांनी वाक्य पुरं केलं. ते अगदी प्रेमाने बोलत होते.

लेकीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, जा, दे काढून. मग ती कट्ट्यावरच्या काड्या एकेक करून पेटीत भरू लागली. अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या.

निरीक्षकांनी कयाक खिडकीखाली उलटी घातली, पट्टीने माप घेतलं आणि पेन्सिलीने बारा खुणा केल्या, सारख्या अंतरावर. पिवळं प्लॅस्टिक जाड होतं. ड्रिल किंचाळत आत जाई आणि भोकातून पिवळ्या चकल्यांसारखी साल बाहेर येई. काम शांतपणे, मन लावून चाललं होतं. लेक बाहेरच्या खोलीत दार लावून बसली होती. एक, दोन, तीन, चार.

सहावं भोक अर्धं झालं असताना त्यांनी बोट मध्येच उचललं. ड्रिल थांबलं. वर खिडकीत बायकोचं गुणगुणणं अर्धा शब्द उशिरा थांबलं.

पुढची भोकं त्यांनी त्याच पद्धतीने पाडली. थोडं आत जायचं, थांबायचं, ऐकायचं. आठव्यालाही सापडली. नवव्याला वर शांतता होती. दहाव्याला होती. अकराव्याला त्यांनी तीनदा थांबून पाहिलं.

बाराव्या खुणेवर ते ड्रिल न थांबवता आरपार गेले. मग यंत्राची वायर गुंडाळली, भुगा कागदात गोळा केला आणि उठताना खिडकीकडे बघून म्हणाले, “झालं हं. आता गा खुशाल.”